गठ्ठा उलटायचा नसतो

मंदाताईंच्या हातात कागद आला की त्याची घडी झालीच म्हणून समजा. बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका, वाण्याची चिठ्ठी, डॉक्टरचा कागद. बोलता बोलता कोपऱ्याला कोपरा जुळायचा, अंगठ्याचं नख वरून खाली एकदा फिरायचं आणि घडी अशी बसायची की इस्त्री झक मारेल. त्या नखाला आम्ही बायका वचकून असायचो. चपटं, पिवळट, चमच्याच्या टोकासारखं झिजलेलं नख. राग आला की मंदाताई बोलायच्या नाहीत. हाताला लागेल त्या कागदाची घडी घालत सुटायच्या. अर्ध्याची अर्धी, तिची अर्धी, शेवटी सुपारीएवढा गोळा व्हायचा आणि तो त्या समोरच्याच्या पुढ्यात ठेवायच्या. विमा विकायला आलेल्या एका माणसाला त्याचंच माहितीपत्रक असं परत मिळालं होतं. तो पुन्हा आला नाही.

लालबागला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या माळ्यावर, आमचं बाइंडिंगचं काम चालायचं. छापखान्यातून छापलेले मोठे कागद यायचे. त्यांना ताव म्हणायचं. आम्ही नऊ बायका लांब टेबलाभोवती बसून त्या तावांच्या घड्या घालायचो, मग त्या घड्या एकावर एक लावून, शिवून पुस्तक व्हायचं. मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला भायखळ्याच्या भाजी मार्केटात हमालीचं काम लागलं म्हणून मुंबईत आले आणि कुणाच्या तरी ओळखीने या टेबलापाशी येऊन बसले.

पहिल्या दिवशी मंदाताईंनी विचारलं, "नाव?"

"सुनिता."

"सुनिता एक आहे हितं. गाव?"

"हिंगोली जिल्हा."

"मग तू हिंगोली."

झालं. पुढे पगाराच्या दिवशी शेठ 'सुनिता' म्हणून हाक मारायचे तेव्हा मीच मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून.

मला सगळ्याची भीती वाटायची. शेठची, लिफ्टची, टेबलावरच्या बायका भराभर बोलायच्या त्या बोलण्याची. एखादी घडी चुकली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले तर, ही भीती तर भाकरीबरोबर डब्यातच असायची. मंदाताईंनी मला कधी "घाबरू नको गं" असं म्हटलं नाही. त्यांनी मला वाचायला लावलं. "घडी घालतेस ती काय आंधळ्यासारखी? पानाचा नंबर बघ. नंबर बघता बघता दोन ओळी वाच. फुकट हायत." तेव्हापासून मी वाचत आले आहे. मी किती पुस्तकं वाचली कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही, कारण पूर्ण अशी फार थोडी. कुठे सतरा ते बत्तीस, कुठे शेवटची आठ पानं. खून कुणी केला ते ठाऊक आहे, पण कुणाचा झाला ते नाही. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या फुकटच्या ओळींच्या जोरावर.

एकदा एका खेळण्यांच्या कंपनीचं काम आलं. प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून यंत्र तयार करायचा खेळ. त्याच्या खोक्यात घालायची पुस्तिका होती. मोटरवर चालणारी क्रेन कशी जोडायची, ते पानोपानी चित्रांत दाखवलेलं. अक्षर एक नाही. पहिल्या पानावर दोन ठोकळे, पुढच्यावर चार, मग चाकं, मग बाण. आम्ही त्याच्या हजारोंनी घड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मंदाताई डबा न उघडता पुस्तिका घेऊन बसलेल्या.

"हिंगोली, ह्यात शब्दच नाय गो."

"मग?"

"मग काय? कुणाला विचारायला नको. हे आपल्यासाठीच छापलंय."

खराब निघालेली एक प्रत त्यांनी शेठकडून मागून घेतली. मागून, कारण दुकानातला कागदाचा कपटासुद्धा न विचारता घरी न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आमच्यासाठीही आणि स्वतःसाठीही.

खेळाचं नवं खोकं घेणं आमच्यासारख्यांचं काम नव्हे. पण भायखळ्याला जुनी खेळणी विकणारा एक जण होता, तो सुटे ठोकळे किलोवर द्यायचा. मंदाताई कापडी पिशवी घेऊन जायच्या आणि एकेक ठोकळा निवडायला बसायच्या. दुकानदार करवादायचा, "मौसी, मिक्स माल है. चुनने का नहीं."

"टमाटर चुनते हैं ना? फिर?"

मग ते ठोकळे सोड्याच्या पाण्यात धुऊन, चाळीच्या गॅलरीत सुपात वाळत पडायचे. मंदाताई एकट्या राहायच्या. नवरा फार लवकर गेला, मूल नाही, भाऊ मालवणकडे गावी. त्यामुळे त्यांच्या एका खोलीत ठोकळ्यांना हवी तेवढी जागा. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रंगवार ठोकळे. दातेरी चाकं मसाल्याच्या डब्यात, बारकी मोहरीच्या वाटीत, मोठी धण्याच्या. शेजारच्या बाईंनी एकदा सुपात डोकावून विचारलं, "मंदा, ह्या काय वाळत घातलंस? सांडगे?"

"होय. तळून देऊ काय तुका?"

"म्हातारपणात भातुकली खेळतंस गो?"

"तरुणपणात टाइम खय गावलो?" मंदाताई म्हणाल्या आणि सूप हलवून पुढचे ठोकळे उलटे केले.

क्रेन त्यांनी दोन महिन्यांत उभी केली. त्यांच्या गॅलरीतून समोर गिरणीच्या जागेवर बांधत असलेले टॉवर दिसायचे आणि त्यांच्या डोक्यावर खऱ्या क्रेन. मंदाताई मान वर करून त्या क्रेनकडे बघायच्या, मग खाली आपल्या क्रेनकडे. "वरची काय, खालची काय, दाताला दात लागतो तसाच. त्यांची उंच, एवढंच." कुठे अडलं की त्यांचं एकच वाक्य असायचं, "बघूया कोण दमतंय." ते त्या ठोकळ्यांना म्हणायच्या, रेशनच्या रांगेला म्हणायच्या आणि गुडघ्यालाही म्हणायच्या.

केदार कर्णिक त्यांना त्या भायखळ्याच्या दुकानातच भेटला. दादरला राहणारा, चाळिशीचा, कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारा, शुद्ध बोलणारा माणूस. ढिगात एक चालू मोटर होती आणि तिच्यावर दोघांचा हात एकदमच पडला. त्याने मोटर सोडली नाही. मंदाताईंनीही नाही.

"नातवासाठी घेताय का?" त्याने विचारलं.

"नाय. तुम्ही मुलासाठी?"

तो ओशाळला. "नाही... म्हणजे, माझ्याचसाठी."

"मग माझंपण तसंच."

मोटर मंदाताईंना मिळाली आणि शिवाय एक आमंत्रणही. दादरच्या एका हॉलमध्ये वर्षातून एकदा अशा ठोकळेवाल्यांचं प्रदर्शन भरायचं. मोठमोठी माणसं आपापली यंत्रं टेबलांवर मांडायची. रेल्वे, पूल, घड्याळं. कर्णिक त्या मंडळींत होता. तिथले नियम कडक. ठोकळा कापायचा नाही आणि काहीही चिकटवायचं नाही. हा दुसरा नियम मंदाताईंना इतका आवडला की त्या दिवसभर सांगत सुटल्या. "तीस वर्षं खळीत हात घातले गो. एकदा चिकटवलं की संपलं. हितं काय चुकलं तर सोडवायचं, परत घालायचं. माणसाला असं कुठं मिळतं?"

पहिल्या वर्षी मंडळींनी त्यांना टेबल दिलं ते लहान मुलांच्या खेळायच्या जागेशेजारी. वर रंगीत पाटी, 'आजींचा कोपरा'. कुणाच्या मनात वाईट नसणार, कौतुकच असणार. मंदाताईंनी पाटी काढली, उलटी केली, कोऱ्या बाजूला मार्करने लिहिलं, 'मंदा घाडीगावकर. बाइंडर. लालबाग.' आणि पुन्हा लावली. मग टेबलाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला धरायला लावलं आणि ते उचलून पुलाच्या आणि रेल्वेच्या मधे नेऊन ठेवलं. कुणीतरी हटकेल, बाहेर काढतील, पोलीस येतील, काय काय माझ्या डोक्यात. कुणी हटकलं नाही. कर्णिकने आपलं टेबल वीतभर सरकवून जागा करून दिली.

क्रेन चहाचा भरलेला ग्लास उचलायची, गोल फिरवायची आणि थेंब न सांडता खाली ठेवायची. एक गृहस्थ बराच वेळ बघून म्हणाले, "वा! आजी, हे बनवून कुणी दिलं?"

"तुमच्या आजीने," मंदाताई म्हणाल्या. "घरी जाऊन विचारा."

हे सगळं मजेचं. खरी गोष्ट पुढच्या वर्षीची.

गणपतीनंतर एका दुपारी शेठ टेबलापाशी आले आणि उभ्यानेच म्हणाले की घड्या घालायचं मशीन बुक केलं आहे, होळीनंतर येईल. मशीन दिवसभरात आमच्या नऊ जणींचं काम करणार. दोघी-तिघींना पॅकिंगला ठेवू, बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे बघावं. मशीन चालवायला बाहेरून शिकलेला माणूस आणणार. आम्ही सगळ्या खाली बघत घड्या घालत राहिलो. मी मनातल्या मनात हिंगोलीची गाडी धरलीसुद्धा.

मंदाताईंनी हातातला ताव खाली ठेवला. "शेठ, चालवायला आमच्यातली एक का नाय?"

"मंदाबाई, मशीन आहे ते. पोळपाट नाही."

"घडी कोण घालतंय गेली तीस वर्षं?"

"घडी घालणं वेगळं. मशीन समजायला पाहिजे. कुठे अडकलं, का अडकलं, कुठला रोलर ढिला. तुम्हाला ते जमणार आहे का?"

"बनवून दाखवलं तर?"

"काय बनवून?"

"घडी घालायचं मशीन. ठोकळ्यांचं. चालतं. संक्रांतीनंतर दादरला प्रदर्शन आहे, तिथे या. तुमच्या डोळ्यांसमोर चाललं तर आमच्यातली एक ऑपरेटर. मी सांगेन ती."

शेठ हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही ते कौतुकच वाटलं असणार. "चला, कबूल," ते म्हणाले, "आणि सगळ्या साक्षीला आहेत." त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं. मंदाताईंनी तसं ऐकलं नाही.

मी संध्याकाळी जिन्यात त्यांना गाठलं. "ताई, नका लागू नादी. शेठ चिडतील, आहे तेही जाईल."

"आहे ते काय आहे गो?" त्या पायरी उतरता उतरता थांबल्या. "दाखव मला. मी बघते."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि मागोमाग उतरले.

त्या यंत्राचं काम असं होतं: तावांच्या गठ्ठ्यातून एका वेळी एकच ताव उचलायचा, पुढे न्यायचा, मधोमध एका पात्याने ढकलून दोन रबरी चाकांच्या फटीत घालायचा. फटीतून निघताना घडी दाबली जाते. बोलायला चार वाक्यं, पण एका वेळी एकच ताव उचलण्यात त्यांची दिवाळी गेली. कधी दोन यायचे, कधी तीन, कधी एकही नाही. शेवटी एका रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि समोर बसवून म्हणाल्या, "तू घडी घाल. मी तुझा हात बघते." मी घालत गेले. त्या बघत होत्या. पंधरा-वीस ताव झाल्यावर ओरडल्या, "तिथंच! अंगठ्याने गठ्ठ्याला टपली मारतेस बघ आधी. कागद सुटे करतेस." मला ठाऊकही नव्हतं मी टपली मारते ते. मग यंत्रालाही एक छोटा हात आला. टक करून गठ्ठ्याच्या कडेला टपली, मग चाक फिरायचं, मग एक ताव. एकच.

यंत्र खाली जड असावं म्हणून त्यांनी मोटर तळाशी बसवली आणि त्यामुळे पातं खालून वर येणारं केलं. घरी चाचणी घेतली ती कोऱ्या कागदांवर. छापील ताव दुकानातला, आणि तो घरी न्यायचा नाही, हा नियम. कर्णिक येऊन पाहून गेला आणि खुर्चीत बसूनच राहिला. "ताई," तो एवढंच म्हणाला, "हे माझ्याच्याने झालं नसतं."

प्रदर्शन दोन दिवसांचं. शनिवार उत्तम गेला. मुलं आपापली चित्रं आणून यंत्रात घालत होती आणि घडी घेऊन पळत होती. टक, घर्र, खस्स. दिवसभरात कागद अडकला असेल तीनदा. शेठनी निरोप पाठवला होता, रविवारी चार वाजता येतो.

रविवारी दुपारी एकच्या सुमारास कर्णिक एक गठ्ठा घेऊन आला. प्रदर्शनाची माहिती छापलेले ताव होते, एकेका तावावर चार पानं, एक घडी घातली की चौपानी तयार. "ताई, म्हटलं आज ह्याच्या घड्या तुमच्याच मशीनवर घालूया. लोकांना वाटू." मंदाताई खूश. गठ्ठा ठाकठीक करून लावला, बटण दाबलं. पहिली चौपानी घडी होऊन खाली पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीने उचलली आणि सवयीनेच नंबर बघितला.

वर तीन होता.

उलटून बघितलं. मागे दोन. उघडलं तर आत चार आणि एक, शेजारी शेजारी. न बोलता पिशवीत घालावी, असं मनात आलं. लोकांना काय कळणार? टाळ्या तर वाजवतायत. पण तोवर मंदाताईंनी माझं तोंड बघितलं होतं.

"काय गो?"

"ताई, तीन वर आलाय."

त्यांनी बटण बंद केलं. चौपानी हातात घेतली. नख घडीवरून एकदा फिरलं. तीस वर्षांत ज्या बाईच्या हातून एक पान मागेपुढे झालं नव्हतं तिने बांधलेलं यंत्र चौपानी आतबाहेर करून देत होतं. मंदाताईंना एका क्षणात कळलं. हाताने घडी घालताना आतली बाजू वर ठेवायची सवय. पातं वरून आलं असतं तर ती आतच गेली असती. पण यांचं पातं खालून वर येत होतं. वरची बाजू बाहेर पडणार, आतली उघड्यावर येणार. कोऱ्या कागदाला पुढचं-मागचं नसतं, मुलांच्या चित्रांना नंबर नसतो, म्हणून चार महिने कुणाला कळलं नाही.

कर्णिक म्हणाला, "अहो, मग सोपं आहे. गठ्ठा उलटा ठेवायचा. झालं."

"गठ्ठा उलटायचा नसतो," मंदाताई म्हणाल्या.

"पण इथे कोण..."

"छापखान्यातून ताव येतो तो एका बाजूने येतो. वीस-वीस हजार. तो तसाच टेबलावर चढतो. एकीने उलटा लावला, दुसरीने सुलटा, तर पुस्तक होईल की कचरा? म्हणून कुणीच उलटायचा नाही. मशीनने आपल्याला विचारायचं गठ्ठा कसा आहे. आपण मशीनला नाय."

"ताई, सव्वा वाजलाय. ते चारला येणार. आजच्या दिवस..."

"आज उलटा लावला तर तो काय बघून जाईल? मला मशीन कळत नाय हेच. आणि खरं बघून जाईल."

त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चुकतंय. दुरुस्ती चालू आहे. बघायचं तर बघा.' कागद टेबलाला लावला आणि सगळ्यांच्या देखत यंत्र सोडवायला घेतलं. पातं वरून आणायचं म्हणजे वर एक चौकट उभी करायची, तिथपर्यंत मोटरचं फिरणं न्यायचं आणि त्याला लांब दांडे लागणार. तसे दांडे त्यांच्याकडे नव्हते. मंडळींतले एक जण येऊन हळूच म्हणाले, लोक बघतायत, वर कापड टाकू का? मंदाताईंनी मानही वर केली नाही. "मेलेल्या माणसावर टाकतात. हे अजून मेलेलं नाय."

कर्णिक आपल्या टेबलाकडे गेला. वर उचलला जाणारा त्याचा पूल सकाळपासून गर्दी खेचत होता. त्याने पुलाच्या पोटातून तीन लांब दांडे ओढून काढले. पूल अर्धा वर उचललेला तसाच राहिला, संध्याकाळपर्यंत. दांडे मंदाताईंच्या हातात देऊन तो शेजारी उभा राहिला. मंदाताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसा. आणि ती बारकी चाकं द्या मला, मोहरीच्या वाटीतली."

शेठ साडेतीनलाच आले. टेबलावर सांगाडा, श्रीखंडाचे डबे उघडे, मंदाताईंच्या तोंडात ठोकळे जोडायची एक पिन.

"काय मंदाबाई! दुकान मांडून बसलात?"

मंदाताईंनी पिन काढली. "बसा, शेठ. चार वाजले नाय अजून."

"मला भायखळ्याला जायचंय. चालत नाही ना? मग राहू दे. हौस आहे, चांगली आहे."

"परवा आपलं शिलाईचं मशीन बंद पडलं तेव्हा मेकॅनिकची किती वाट बघितलीत?"

"दोन दिवस."

"त्याला चहा पण पाजलात. माझी अर्धा तास बघा. चहा नको."

आजूबाजूचे हसले. शेठ मुलांच्या छोट्या स्टुलावर बसले. मंदाताईंनी त्यांच्या मांडीवर तावांचा गठ्ठा ठेवला, धरा म्हणाल्या. शेठनी धरला. तीस वर्षं धंद्यात काढलेला माणूस तो. गठ्ठा हातात येताच त्यांनी नकळत त्याच्या कडा ठोकून सारख्या केल्या. मी ते बघितलं आणि मला पहिल्यांदा जरा धीर आला.

चारला दहा मिनिटं असताना चौकट उभी राहिली. चार वाजता मंदाताईंनी बटण दाबलं. पातं खाली आलं, ताव चुरगळला. दुसरा फाटला. बघणाऱ्यांतलं एक पोर म्हणालं, "बिघडलं." मंदाताई म्हणाल्या, "बघूया कोण दमतंय," आणि पात्याची एक बाजू एक ठोकळाभर उचलून बसवली.

टक. घर्र. खस्स.

चौपानी खाली पडली. शेठनी हात पुढे केला. मंदाताईंनी ती उचलून त्यांना दिली नाही, माझ्याकडे दिली. "नंबर वाच. मोठ्याने."

"वर एक," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "मागे चार. आत दोन, तीन."

मग यंत्र थांबलं नाही. सगळा गठ्ठा संपेपर्यंत. शेठ एकेक चौपानी उचलून कडेला कडा लावून बघत होते. शेवटी एक डोळा मिटून म्हणाले, "तिरकी जातेय. एक सूत."

"ठोकळ्यांचं आहे," मंदाताई म्हणाल्या. "लोखंडाचं द्या, सरळ घालते."

शेठनी चौपान्या गोळा करून त्यांच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. कंपनीचा माणूस शिकवायला येईल, त्याच्याकडे बसा तुम्ही आठवडाभर."

"मी नाय. माझे डोळे किती दिवस? मशीन वीस वर्षं चालायचं." त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे ढकललं. "ही बसेल. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा हिने नंबर बघितला."

मी नाही, मला जमणार नाही, माझं शिक्षण नाही, हे सगळं म्हणायचं होतं. मंदाताईंनी दंड सोडला नाही, म्हणून म्हणता आलं नाही.

सगळ्यांचीच कामं वाचली असं काही झालं नाही. खोटं कशाला लिहू? नऊच्या आम्ही पाच राहिलो. मंदाताईंना शेठ ठेवणार होते. त्यांनी स्वतःच्या जागी टेबलावरच्या दुसऱ्या सुनिताला ठेवायला लावलं, कारण तिची दोन मुलं शाळेत होती. कुणी त्यांच्या त्यागाबद्दल बोलायला लागलं की त्या चिडायच्या. "त्याग कसला? मला घरी काम आहे. पुढल्या वर्षी पुस्तक शिवायचं मशीन करायचंय." निरोपाला शेठनी नारळ आणि शाल आणली होती. नारळ घेतला. शाल म्हाताऱ्या माणसांना देतात म्हणून परत केली.

होळीनंतर मशीन आलं. कंपनीचा माणूस आठवडाभर शिकवून गेला. पहिला महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. जरा आवाज बदलला की माझा हात बंद करायच्या बटणावर. काही अडलं की शेठ कंपनीला फोन लावायचे, तो माणूस यायचा, मी बाजूला उभी. तो एकदा म्हणालासुद्धा, "यापेक्षा एखादा आयटीआयवाला घ्या."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच मंदाताई आल्या. भायखळ्याहून येत होत्या, पिशवीत ठोकळे खुळखुळत होते. जिना चढून दम लागला होता, पण बसल्या नाहीत. मशीनच्या पुढच्या टोकाला उभ्या राहिल्या, पडणाऱ्या घड्या बघत. एक उचलली, नख फिरवलं, ठेवली. कौतुक नाही, काही नाही.

तेवढ्यात मशीन अडकलं. आत कागदांचा चोळामोळा, दिवा लाल. शेठ केबिनमधून ओरडले, "काय झालं? फोन लावू का?"

मी मंदाताईंकडे बघितलं. त्यांना कळलं होतं कुठे अडकलंय, त्यांच्या नजरेवरून मला दिसत होतं. मी म्हणाले, "ताई..."

त्यांनी पिशवी उचलली. "येते," म्हणाल्या आणि पाठ फिरवून निघाल्या. मी हाक मारली तरी वळल्या नाहीत. जिन्यावर त्यांच्या ठोकळ्यांचा आवाज खाली खाली जात राहिला.

मला इतका राग आला की भीती वाटायची राहूनच गेली. "फोन नको," मी शेठना म्हणाले. मेन स्विच बंद केला. झाकण उघडलं. कागद एकेक करून ओढले, शेवटच्या कागदाच्या चुण्या उलगडून बघितल्या. डावीकडे जास्त चुरगळला होता, उजवीकडे कमी. म्हणजे डावा रोलर घट्ट. मी तो सैल केला, हात पुसला, झाकण लावलं, स्विच टाकला. दिवा हिरवा झाला. एक ताव गेला. दुसरा गेला. मशीनने आपला सूर धरला.

मी खिडकीकडे धावले. मंदाताई खाली फुटपाथवर, आमच्याच खिडकीखाली उभ्या होत्या. वर बघत नव्हत्या. पिशवी दोन्ही हातांत धरलेली, मान किंचित एका बाजूला, ऐकत असल्यासारखी. रस्त्यावरच्या गोंगाटात दुसऱ्या माळ्यावरचं मशीन कुणाला ऐकू जाणार? पण त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी मान हलवली आणि सिग्नलच्या दिशेने चालू लागल्या.

पावसाळ्यात त्या गावी गेल्या आणि तिथेच गेल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं, पाठमोरं. वर यायला हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण मशीन चालू होतं, आणि चालू मशीन सोडून ऑपरेटरने खिडकीत उभं राहायचं नसतं. मी परत जाग्यावर गेले.